नकाशात आपली जमीन पडीक कशी झाली?

(कार्यकर्ता शिबिरात आम्ही केलेली मांडणी. ज्या वस्त्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढली आहे. वाचता येणाऱ्यानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचावी, आणि मधी कुणी विचारलं तर थांबावं.)

साथींनो, आयाबायांनो, म्हाताऱ्या माणसांनो,



आज आम्हाला विजेवर बोलायला सांगितलंय. आम्ही इंजिनिअर नाही. आमच्यातले दोघंतिघं बारावीपर्यंत शिकले, बाकीच्यांची शाळा कोयत्यावर गेली. पण गेल्या वर्षी विजेच्या निमित्तानं आमच्यासोबत एक गोष्ट घडली. तिच्यात आमची पण चूक होती. ती आधी सांगतो, मग विजेचा हिशेब सांगतो, आणि शेवटी काय करायचं ते सांगतो.

मागच्या हिवाळ्यात एका मोठ्या विद्यापीठातून एक संशोधक वस्तीवर आले. पीएचडी करत होते. विषय असा, की गावानं मिळून सूर्यावर, वाऱ्यावर, शेणावर स्वतःची वीज केली तर ती किती लागेल, किती खर्च येईल, कशी टिकेल. हे सगळं कंप्युटरात मांडायचं, त्याला ते मॉडेल म्हणतात. माणूस चांगला होता. जमिनीवर बसून भाकरी खाल्ली, आपली पारधी बोली समजून घ्यायचा प्रयत्न केला. आम्ही बारा दिवस त्यांच्यासोबत घरोघर फिरलो. ते विचारायचे, आम्ही आपल्या बोलीत सांगायचो, उत्तर मराठीत करून द्यायचो.

जाताना त्यांनी शब्द दिला की जे काढीन ते तुम्हाला दाखवीन. असा शब्द देणारे पुष्कळ येतात. यांनी पाळला. पावसाळ्यात नकाशा आणि कागद पाठवले. आम्ही नकाशा उघडला तर वस्तीच्या खालच्या अंगाचं गायरान पिवळ्या रंगात. खाली पिवळ्या रंगाचा अर्थ लिहिला होता: पडीक जमीन, सौर प्रकल्पासाठी उपलब्ध.

त्या जमिनीत त्या दिवशी बाजरी गुडघ्याएवढी उभी होती. आपल्या आज्यानं दगड वेचून केलेली जमीन आहे ती.

मग आम्ही बसून शोधलं की ही पडीक झाली कशी. तीन कारणं सापडली.

पहिलं कारण, वरून काढलेला फोटो. उपग्रहाचा फोटो उन्हाळ्यातला होता. मे महिन्यात आपल्या डोंगरपट्ट्यात कोणाचं रान हिरवं असतं? कोरडवाहू सगळंच पडीक दिसतं. विहिरीवाल्याचा ऊस तेवढा हिरवा दिसतो.

दुसरं कारण, तलाठ्याचं दप्तर. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकार आहे आणि पुढं गायरान लिहिलंय. कसणाऱ्याचं नाव नाही. एक-ई च्या रजिस्टरला अतिक्रमणाची नोंद कोणाची आहे, कोणाची नाही.

तिसरं कारण आम्ही. त्यांच्या कागदावर एक प्रश्न होता, जमीन किती? घरोघर लोकांनी उत्तर दिलं, काहीच नाही. आम्ही शेजारी उभे होतो, आम्हाला खरं माहीत होतं, तरी आम्ही तेच मराठीत सांगितलं. एका आजीला आम्ही नंतर विचारलं, आजी, जमीन का नाही सांगितली? ती म्हणाली, "लेकरा, कागदावर जमीन सांगितली की जमीन जाती."

आजीला आम्ही दोष देणार नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं पारध्यांना त्यात घातलं. तेव्हापासून आपल्या घरी वही-पेन घेऊन आलेला माणूस मोजायला आला म्हणजे हजेरीला बोलवायला आला. तो कायदा १९५२ ला गेला, भीती गेली नाही. फॉरेस्टचा माणूस असो, तलाठी असो, पोलीस असो, कागद दिसला की आपण नाही म्हणतो. पण साथींनो, या वेळी आपल्या नाही म्हणण्यानंच आपण नकाशातून गेलो.

अजून एक झालं. संशोधक आले ते हिवाळ्यात. दिवाळीनंतर आपली वस्ती कशी असते? अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं. कोयता साखर कारखान्याच्या फडात, वस्तीवर म्हातारी माणसं आणि थोडी लेकरं. मॉडेलला दर तासाला किती वीज लागते ते सांगावं लागतं. कुलूप असलेल्या घराला वीज लागत नाही. म्हणून आपली वस्ती त्यात अर्धीच भरली.

आता हे मॉडेल म्हणजे काय ते आम्हाला जेवढं समजलं तेवढं सांगतो. घाबरायचं काही नाही. बाजाराला जायच्या आधी घरातली बाई जो हिशेब करते तोच आहे. किती माणसं, किती दिवस, किती पीठ, खिशात किती पैसे. फरक एवढाच की कंप्युटर हजार वेळा तोच हिशेब बदलून बदलून करतो, आणि सगळ्यात स्वस्त कोणता ते सांगतो. पण त्याच्यात पीठ किती घातलं ते चुकलं तर भाकरीचा आकडा चुकणारच. माणसं, जमीन, पाणी, महिने हे सगळं बाहेरून कोणीतरी भरतं. भरणारा आपण नसलो तर दुसरा भरतो.

म्हणून आम्ही आपला हिशेब आपण करून पाहिला. समजा ४० घरांची वस्ती. एका घरात ९ वॉटचे तीन बल्ब, रोज पाच तास. ६० वॉटचा एक पंखा, रात्रीचे आठ तास. मोबाईल, कधी टीव्ही. हे सगळं धरून एका घराला दिवसाला पाऊण युनिट. ४० घरांना ३० युनिट. पाच हॉर्सपॉवरची पिठाची चक्की दोन तास चालवली तर साडेसात युनिट. पिण्याच्या पाण्याला तीन हॉर्सपॉवरची मोटर दोन तास, साडेचार युनिट. सगळे मिळून दिवसाला ४२ युनिट. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटची सोलर पाटी दिवसाला चारेक युनिट देते. ढगाळ दिवस आणि बॅटरीत जाणारी वीज धरली तर १५ किलोवॉट पुरे. त्याला जागा किती लागेल? पाट्यांमधलं अंतर आणि बॅटरीची खोली धरून तीनचार गुंठे.

लक्षात ठेवा, तीनचार गुंठे. आता दुसरा आकडा सांगतो.

सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०१७ ला सुरू झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा, २.० म्हणतात, तो आला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची म्हणून महावितरणच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे करायचे. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी खरी आहे. रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावतो हे आपल्याला माहीत आहे. योजनेला आमचा विरोध नाही. पण जमिनीचं काय ते ऐका. एका मेगावॉटला चारपाच एकर जागा लागते. पाच मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे वीस-पंचवीस एकर. ही जागा खासगी मालकाची असेल तर त्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं, आणि दर वर्षी त्यात ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी ५० हजारांच्या आसपास. आणि जागा सरकारी असेल, गायरान असेल, तर नाममात्र १ रुपया. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळतात. कसणाऱ्याला काय? कसणारा कागदावर नाही, तर त्याला देणार काय?

ऊन तेच. माती तीच. बांधाच्या अलीकडं सातबारा आहे तर एकरी ५० हजार, बांधाच्या पलीकडं आपण आहोत तर रुपया, आणि तो पण आपल्याला नाही.

आणि त्या पंचवीस एकरावरची वीज कोणाच्या मोटरीला जाईल? ज्याला शेतीपंपाचं कनेक्शन आहे त्याच्या. शेतीपंपाचं कनेक्शन घ्यायला सातबारा लागतो. आपल्याला घरचं मीटर घ्यायचं म्हटलं तरी नमुना आठचा उतारा मागतात. तो नाही म्हणून कित्येक घरं अजून आकड्यावर आहेत. मग रेड पडली की चोर आपणच. सूर्य आपल्या जमिनीवर, पाट्या आपल्या जमिनीवर, आणि रात्री आपल्या घरात चिमणी. असं होऊ द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

संशोधकांचा नकाशा हा सरकारचा कागद नाही, हे आम्हाला कळतं. पण सरकार जागा शोधतं तेव्हा तोच उपग्रह आणि तेच तलाठ्याचं दप्तर बघतं. त्यांना जे पिवळं दिसलं ते तहसीलातही पिवळंच दिसणार.

आपल्या जिल्ह्यात ही नवी वीज आधीच आलेली आहे. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना तुम्ही रोज बघता. त्यांच्यामागं पैसा आला आणि पैशामागं गुंड आले. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीशी तो जोडलेला आहे असं आरोपपत्रात म्हटलंय. खटला कोर्टात आहे, त्यावर आम्ही जास्त बोलत नाही. पण जिथं गावातला सरपंच सुरक्षित नाही तिथं पालावरच्या माणसानं एकट्यानं कंपनीच्या माणसाशी बोलायला जाऊ नये. बोलायचं तर सगळ्यांनी मिळून, ग्रामसभेत, लेखी.

आता कोणी म्हणेल, मग वीज नकोच का? असं नाही. वीज पाहिजे. लेकरांना अभ्यासाला पाहिजे, बायांना चक्की पाहिजे. आपल्यासारख्या लोकांनी ती स्वतः करून दाखवली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. पावरा आदिवासींचं गाव, उदई नदीच्या काठावर. नर्मदा बचाओ आंदोलनातल्या लोकांनी केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'च्या इंजिनिअरांना सोबत घेतलं. गावानं श्रमदान केलं, दगड वाहिले, बंधारा बांधला, आणि २००३ च्या जानेवारीत धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटची वीज चालू केली. आपल्या हिशेबात जेवढी आली तेवढीच. सरकारचे खांब तिथं पोचले नव्हते, लोकांनी आपल्या हातानं उजेड केला.

तीन वर्षांनी, २००६ च्या पावसाळ्यात, ते वीजघर सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. यंत्र बिघडलं नव्हतं. लोकांनी भांडण करून बंद पाडलं नव्हतं. हिशेबही चुकला नव्हता. धरणाची भिंत किती उंच करायची हे ठरवताना त्या लोकांना विचारलं नाही, एवढंच. पायाखालच्या जमिनीवर हक्क नसला तर चांगली चाललेली वीज पण बुडते. म्हणून आम्ही म्हणतो, विजेचा पहिला खांब म्हणजे जमिनीचा कागद.

दुसरी गोष्ट कर्नाटकातली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. १९७४ साली त्यांनी खेड्यांसाठी विज्ञान वापरायचं म्हणून 'अस्त्र' नावाचा गट काढला. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा नावाच्या छोट्या गावात त्यांनी घरोघर मोजणी केली. जळण किती, कोण आणतं, किती वेळ जातो, सगळं. मोजल्यावर दिसलं की गावात लागणारी बहुतेक ताकद चुलीला लागते आणि ती लाकडातून येते. मग त्यांनी शेणाच्या गॅसवर सगळ्यांचा स्वयंपाक करायचं ठरवलं. शेण पुरलं नाही, ते बंद पडलं. पुढं लोकांचं ऐकलं तर लोकांना आधी पाणी पाहिजे होतं. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून गावाला पिण्याचं पाणी आणि घरात दिवे दिले, आणि ते चाललं. एवढे शिकलेले लोक, तरी गावाला आधी काय पाहिजे ते गावाला विचारल्यावरच कळलं. आमच्या संशोधकांनी पण आधी गड्यांना विचारलं होतं. गडी म्हणाले पंखा, टीव्ही. बायांना वेगळं बसवून विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, चक्की. दळणासाठी डोक्यावर पायली घेऊन किती चालावं लागतं ते त्यांनाच माहीत.

आता कायद्याचं थोडं. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथं लागत नाही. पण वनहक्क कायदा २००६ सगळीकडं लागतो. ज्यांची वस्ती, शेती वनखात्याच्या जमिनीवर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आहे त्यांनी दावा टाकायचा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे काढता येत नाही. त्याच कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, विजेच्या तारा अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. त्यात अपारंपरिक ऊर्जा, म्हणजे सूर्य-वाऱ्याची वीज पण आहे. अट एवढी, की एका सोयीला एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आपल्याला तीनचार गुंठे लागतात. म्हणजे कायद्यात आपल्या विजेला जागा आहे, मागणारं पाहिजे.

गायरानाचं वेगळं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. सुप्रीम कोर्टानं २०११ ला गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. तो निकाल दाखवून आपल्याला नोटिसा देतात. पण त्याच निकालात, शासनाच्या निर्णयानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर ते अपवाद म्हणून ठेवता येईल असंही आहे. नोटीस देणारा हा भाग वाचून दाखवत नाही. तो आपण वाचायचा.

तर करायचं काय? आम्ही बसून हे ठरवलंय, तुम्ही दुरुस्त करा.

एक. प्रत्येक वस्तीनं आपली मोजणी आपण करायची. कोण किती कसतो, कधीपासून, चतुःसीमा काय. एक-ईचा उतारा, दंडाची पावती, पंचनामा, पीकपेऱ्याची नोंद, जुनं रेशन कार्ड, लाइटबिल, जे असेल ते एका पिशवीत. लाइटबिल फेकू नका, ते राहण्याचा पुरावा आहे.

दोन. पिकाचा फोटो पावसाळ्यात काढायचा. माणूस उभा, मागं पीक, तारीख दिसली पाहिजे. त्यांचा फोटो मे महिन्यातला असेल तर आपला ऑगस्टचा असू द्या.

तीन. कोणी अभ्यासाला आलं तर हाकलायचं नाही आणि एकट्यानं उत्तरं द्यायची नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं अभ्यास गट केला, शिकलेल्यांना बोलावून आधी समजून घेतलं, मग सगळ्यांच्या मतानं निर्णय घेतले. २००९ ला त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. आपण पण तसंच बसायचं. येणाऱ्याला विचारायचं, हे कशासाठी, कोणाला देणार, आम्हाला कधी दाखवणार.

चार. कोयता परत आल्यावरच वस्तीची मोजणी करायची. आणि वीज केली तर सहा महिने कुलूप असलेल्या घरानं किती पैसे भरायचे हे आधी ठरवायचं. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तेव्हा पैसा नसला की सगळं बंद. आमचं म्हणणं, फडात असताना त्या घराला कमी वर्गणी लावायची आणि उरलेल्या विजेवर चक्की जास्त चालवायची, म्हणजे चक्कीचा पैसा बॅटरीला येईल. पुण्याच्या दरेवाडीत २०१२ पासून सौर वीज होती, तिथं ३९ घरांचं बिल गावचाच ट्रस्ट गोळा करायचा. आपल्याला पण वही कोण ठेवणार ते आधी ठरवावं लागेल. आम्हाला वाटतं बचत गटातल्या बायांनी ठेवावी.

पाच. ग्रामसभेत गायरान देण्याचा विषय आला तर सगळ्यांनी हजर राहायचं. हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

शेवटी त्या नकाशाचं सांगतो. आम्ही संशोधकांना पत्र लिहिलं. आम्ही खोटं सांगितलं होतं हे पण लिहिलं. ते जूनमध्ये स्वखर्चानं परत आले. वस्ती भरलेली होती. आम्ही नकाशा अंथरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. ती आजी पुढं आली. तिला अक्षर येत नाही, पण ओढा ओळखला, आंब्याचं झाड कुठं ते ओळखलं, आणि बोट ठेवून म्हणाली, "इथून तिथवर आमचं. लिव्ह आता."

त्यांनी लिहिलं. तो रंग आता हिरवा आहे. तहसीलातल्या कागदावर अजून पिवळाच आहे. ते काम आपलं आहे, आणि ते फड सुरू व्हायच्या आत करायचं आहे.

जमीन आमच्या हक्काची! उजेड आमच्या हक्काचा!

जोहार.